वजन उतरलं, पोट राहिलं: मालवणातलं एक प्रकरण

फेब्रुवारीत त्या ताई माझ्याकडे आल्या त्या कंबर दुखते म्हणून. मालवणात माझं फिजिओथेरपीचं छोटं क्लिनिक आहे. पर्यटकांचा हंगाम सुरू झाला की कंबर धरून येणाऱ्या बायका वाढतात, कारण घरगुती खाणावळीचं सगळं ओझं त्यांच्याच पाठीवर असतं. या ताईंची खाणावळ तारकर्लीच्या रस्त्याला. वय ४४, उंची १५२ सेंटीमीटर, दोन मुलं, धाकटं सतरा वर्षांचं आणि ते सिझेरियनने झालेलं. टेबलावर आडव्या झाल्या, साडीचा पदर पोटावर घट्ट ओढून घेतला आणि छताकडे बघत म्हणाल्या, "डॉक्टरबाई, वजन उतारला, कपडे सैल झाले, पण ह्या पोट काय माझी पाठ सोडणा नाय."

हे प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. लिहावंसं वाटलं, कारण वर्षभर कष्ट करून ठरवलेल्या वजनाला पोचलेली बाई त्याच पोटापायी स्वतःची उपासमार करताना मी पहिल्यांदा बघत नव्हते.

आधीचा हिशेब असा. दीड वर्षापूर्वी एका आरोग्य शिबिरात त्यांचं वजन ६८.४ किलो भरलं आणि कंबरेचा घेर ९७ सेंटीमीटर. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचं माप, साडेएकोणतीसच्या वर. आपल्याकडे २३ पासून जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. तिथे त्यांना ५३ किलोचं लक्ष्य दिलं गेलं. त्यांच्या उंचीला ५३ म्हणजे २३ च्या जेमतेम आत, तेव्हा लक्ष्य चुकीचं नव्हतं. ताईंनी ते दहा महिन्यांत गाठलं. पहाटे चिवल्याच्या किनाऱ्यावर चालणं, दुपारचा भात बंद, रात्रीचं जेवण बंद आणि त्याजागी काकडी-कोबीची थाळी. दिवाळीला वजन ५२.८.

तिथे थांबायचं होतं. पण आरशात पोट दिसत होतं, म्हणून आणखी चार महिने सकाळचे घावनेही अर्धे केले आणि मोबाइलवर बघून रोज शंभर क्रंचेस, म्हणजे उताणं झोपून डोकं-खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम, सुरू केले. चार महिन्यांत वजन उतरलं जेमतेम दीड किलो. केस मात्र गळायला लागले, जिना चढताना मांड्या थरथरू लागल्या आणि शेवटी कंबर धरली. माझ्याकडे आल्या तेव्हा वजन ५१.२ होतं.

मी आधी टेप काढला. कंबरेचा घेर मोजताना बहुतेकजण टेप बेंबीवर लावतात किंवा साडी-पँट बांधतो तिथे. मोजायची जागा आहे सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्ये. उभं राहून, श्वास सहज सोडल्यावर, टेप न आवळता. ताईंचा घेर त्या सकाळी ८१ भरला. भारतीय बाईसाठी ८० ही मर्यादा मानतात, पुरुषासाठी ९०. दुसरा सोपा नियम म्हणजे घेर उंचीच्या निम्म्याच्या आत हवा. त्या हिशेबाने ताईंना ७६ हवे होते. म्हणजे थोडं जास्त होतं, पण ९७ वरून १६ सेंटीमीटर गेले होते. "पोट जात नाही" हे खरं नव्हतं. पोट खूप गेलं होतं, आणि ते त्यांना कुणी मोजून दाखवलंच नव्हतं. मी दोन्ही आकडे कागदावर एकाखाली एक लिहून दाखवले. त्या बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या.

मग त्यांना संध्याकाळी सातला, खाणावळीचं काम आटोपून, परत यायला सांगितलं. त्याच जागी, तसाच टेप लावला. साडेपंच्याऐंशी.

एका दिवसात साडेचार सेंटीमीटर चरबी वाढत नाही. ही वायूची आणि फुगण्याची करामत, आणि कारण त्यांच्या थाळीतच होतं. रात्री मोठं ताट भरून कच्चा कोबी, दुपारी वाल नाहीतर चवळी घाईघाईत, दोन पंगतींच्या मध्ये उभ्या उभ्या. पाणी दिवसभरात तीन-चार फुलपात्री, त्यामुळे बद्धकोष्ठ. पोट कमी व्हावं म्हणून जे खात होत्या, तेच संध्याकाळचं पोट वाढवत होतं.

आता मूळ गोष्ट. मी त्यांना उताणं झोपवलं, गुडघे वाकवले आणि डोकं थोडंसं उचलायला सांगितलं. बेंबीच्या वर, मधोमध, उभा उंचवटा आला. पावसाळ्यात किनाऱ्यावर होडी उलटी घालून ठेवतात ना, तसा. मी बोटं आडवी धरून त्या उंचवट्यावर दाबली. तीन बोटं आत गेली आणि दोन्ही बाजूंना स्नायूंच्या कडा लागल्या, घट्ट, दोरासारख्या. मध्ये काही नाही, नुसती मऊ जागा. ताईंचाच हात धरून त्यांची बोटं तिथे ठेवली. त्या एकदम गप्प झाल्या.

पोटाच्या पुढचे दोन उभे स्नायू मधल्या एका पांढऱ्या, चिवट पट्ट्याने जोडलेले असतात. त्याला लिनिआ अल्बा म्हणतात. गरोदरपणात तो ताणून रुंद होतो. बऱ्याच बायकांत बाळंतपणानंतर तो आपोआप आवळतो, काहींत रुंदच राहतो. याचं नाव डायस्टॅसिस रेक्टाय. ताईंच्या अंगावर पंधरा-सोळा किलो जास्त होते तोवर ते चरबीखाली झाकलेलं होतं. चरबी उतरली तसं उघडं पडलं. त्यात रोज शंभर क्रंचेस. क्रंचमध्ये पोटातला दाब वाढतो, आणि दाब पेलायला मधला पट्टा सैल असला की तो पुढेच ढकलला जातो. खाणावळीत भाताचे टोप, पाण्याच्या कळशा उचलतानाही त्या श्वास कोंडून उचलत होत्या. दिवसातून पन्नास वेळा तोच दाब, त्याच कमकुवत जागी. कंबरदुखीचं कोडंही इथेच सुटायला लागलं. पुढची भिंत ढिली, म्हणून पाठीचा कणा पुढे कललेला, म्हणून पोट आणखी पुढे.

पण मी लगेच व्यायाम दिले नाहीत. चाळिशी उलटलेल्या बाईचं पोट पुढे असेल, फुगत असेल आणि वजन उतरूनही तसंच असेल, तर आधी आत काय आहे ते बघायलाच हवं. गर्भाशयाची गाठ, अंडाशयाची गाठ, पोटात साचलेलं पाणी, बेंबीचा हर्निया. अंडाशयाच्या कर्करोगात सुरुवातीला बऱ्याचदा एवढंच दिसतं: पोट फुगतं, चार घासांत पोट भरल्यासारखं वाटतं, लघवीला वारंवार जावं लागतं. हे काही आठवडे सलग टिकलं तर व्यायाम बाजूला ठेवून डॉक्टर गाठायचे. हे मी माझ्याकडच्या प्रत्येक बाईला सांगते आणि सांगत राहणार. ताईंना ओळखीच्या सर्जनकडे पाठवलं. सोनोग्राफीत हर्निया नाही, गाठ नाही. बेंबीपाशी स्नायूंमधलं अंतर २.८ सेंटीमीटर (साधारण दोनच्या वर गेलं की डायस्टॅसिस धरतात), आणि यकृतावर थोडी चरबी. रक्तात थायरॉइड ठीक, मूत्रपिंडाचं क्रिएटिनिन ठीक, तीन महिन्यांची सरासरी साखर म्हणजे एचबीएवनसी ५.९. मधुमेहाच्या अलीकडची पायरी ५.७ ला सुरू होते.

५१ किलो वजनाची, बीएमआय बावीस असलेली बाई आणि साखर कड्यावर. हे आपल्या लोकांत नवलाचं नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे वर्षानुवर्षं अभ्यासलं आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभे असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण अंगातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीचे. ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली. त्यांच्या सासऱ्यांना, अंगाने काटकुळ्या माणसाला, पन्नाशीत मधुमेह निघाला होता.

म्हणजे ताईंच्या पोटात चार गोष्टी एकत्र होत्या. पट्ट्याची फट, दिवसा वाढणारा वायू, आत यकृतावरची थोडी चरबी, आणि बेंबीखाली सिझेरियनच्या व्रणावर आलेली चिमटीत धरता येणारी सैल कातडी आणि चरबी. प्रत्येकीचा उपाय वेगळा, आणि आणखी कमी खाणं त्यांतल्या कुठल्याच गोष्टीचा उपाय नव्हता.

शेवटच्या चरबीबद्दल थोडं सांगते, कारण बाजारात सगळा धंदा तिच्यावर चालतो. आतली, अवयवांभोवतीची चरबी जास्त धोक्याची, पण वजन उतरायला लागलं की ती तुलनेने लवकर जाते. कातडीखालची, विशेषतः बेंबीखालची, चेंगट. तिथल्या पेशी चरबी सोडण्याचा निरोप हळू ऐकतात, कारण निरोप अडवणारे ग्राही (रिसेप्टर) त्यांच्यावर जास्त असतात. आणि चरबी कुठून जाणार ते त्या जागेच्या व्यायामावर ठरत नाही. १९७१ मध्ये टेनिसपटूंचे दोन्ही हात मोजले गेले होते. खेळणारा हात स्नायूंनी जाड होता, पण कातडीखालच्या चरबीची जाडी दोन्ही हातांवर सारखीच. वर्षानुवर्षं एकाच हाताने रॅकेट मारूनही त्या हाताची चरबी वेगळी जळाली नाही, तर शंभर क्रंचेसनी पोटाची कशी जळणार? पट्टे, क्रीम, घामाचे बेल्ट यांचंही तेच.

आणखी एक चाचणी घेतली, खुर्चीवरून हात न टेकता उठायची. अर्ध्या मिनिटात किती वेळा? ताई दहा वेळा उठल्या आणि दमून बसल्या. साठ ते चौसष्ट वयाच्या बायकांत बाराच्या खाली आकडा गेला तर तो कमी धरतात. या चव्वेचाळिशीच्या. नुसतं खाणं तोडून वजन उतरवलं की उतरलेल्या किलोंतला साधारण चौथा हिस्सा चरबी नसतो, त्यात स्नायू जातात. स्नायू गेले की साखर साठवायची जागाच कमी होते.

त्यांचा आहार मी वहीत उतरवून घेतला. दिवसाची प्रथिनं जेमतेम तीस ग्रॅम. मासळी रांधणाऱ्या घरात! रोज चाळीस माणसांना सुरमई आणि बांगडा वाढणाऱ्या ताईंच्या ताटात माशाचा तुकडा नव्हता, कारण मासा म्हणजे भात आणि भात म्हणजे जाडी, असं गणित पक्कं झालेलं. चहा मात्र गणितात नव्हता. चुलीपाशी दिवसाचे सहा कप, प्रत्येकी दोन चमचे साखर. चमचा पाच ग्रॅमचा धरला तरी साठ ग्रॅम साखर, म्हणजे २४० कॅलरी. दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहायला सांगितलं जातं. आणि वाटणाची, तळलेल्या तुकडीची, सोलकढीची चव बघणं, ते वेगळंच. खोबऱ्याला मी खलनायक ठरवत नाही, कोकणात राहून ते करूही नये. पण १०० ग्रॅम ओल्या खोबऱ्यात साडेतीनशेच्या वर कॅलरी असतात, तेव्हा दहा वेळा बघितलेली चवही जेवणच झालं.

उपचार सुरू झाला तो खाणं वाढवून. दुपारी एक वाटी उकड्या तांदळाचा भात परत आला, त्याच्याबरोबर बांगड्याचं कालवण, शंभर ग्रॅम मासा म्हणजे एकोणीस-वीस ग्रॅम प्रथिनं. सकाळी दोन अंडी आणि एक घावन. रात्री नाचणीची भाकरी आणि मोड आलेल्या मुगाची किंवा कुळथाची उसळ. इथे एक सांगायला हवं, कुळथाची पिठी आपल्या सगळ्यांना प्रिय आहे, पण ती पातळ असते, वाटीभर पिठीत कुळीथ असतं किती? म्हणून उसळ. कच्चा कोबी बंद, भाजी शिजवून. कडधान्य रात्रभर भिजवून, पाणी टाकून. चहा दोन कप, साखर अर्धा चमचा. एकूण प्रथिनं साठ ग्रॅमच्या आसपास, किलोमागे १.२. जेवण बसून. हे शेवटचं त्यांना सगळ्यात जड गेलं.

व्यायामात माझी चूक झाली. पहिल्याच दिवशी आठ प्रकार लिहून दिले. पुढच्या आठवड्यात विचारलं तर एकही झालेला नव्हता, आणि दोष त्यांचा नव्हता. पहाटे साडेचारला उठून रात्री साडेअकराला झोपणाऱ्या बाईला आठ प्रकार देणं हे मला कळायला हवं होतं. आठाचे दोन केले. पहिला, उताणं झोपून, गुडघे वाकवून, तोंडाने हळू श्वास सोडत जघनाच्या हाडापासून बेंबीपर्यंतचं पोट आत-वर घ्यायचं, जणू खालून चेन लावतो आहोत, आणि ते तसंच धरून एक टाच सरकवत पाय लांब करायचा. उंचवटा आला की थांबायचं, तेवढाच आपला पल्ला. दुसरा व्यायाम चुलीपाशी: टोप उचलायच्या आधी श्वास सोडायला सुरुवात, आणि सोडता सोडता उचलायचं. त्यांना ते सांगून कळेना. मग क्लिनिकमध्ये वीस लिटरच्या पाण्याच्या कॅनमध्ये निम्मं पाणी भरून उचलायला लावलं आणि माझा तळहात त्यांच्या पोटावर ठेवला. पहिल्यांदा श्वास कोंडून: पोट माझ्या हातावर आदळलं. दुसऱ्यांदा "ह्हऽ" करत: पोट हातापासून आत गेलं. "अगो, हां!" म्हणाल्या. त्यानंतर शिकवावं लागलं नाही.

तीन आठवड्यांनी वजन ५२.३ भरलं. ताई काट्यावरून उतरल्या, डोळ्यांत पाणी. "गो बाय, वर्षभर मरमर केलंय. तुमी माका परत जाडी करतलास?" वर्षभर रोज सकाळी तोच काटा त्यांना शाबासकी देत होता, आणि मी त्याच्याविरुद्ध बोलत होते. मी टेप काढला. सकाळी ८०, आणि संध्याकाळी घरी स्वतः मोजायला सांगितलं: ८२. काटा दोन महिने माझ्याकडे आणून ठेवायचा, असं ठरवून घेतलं. आणला. माझ्या कपाटावर होता.

पुढचं सरळ रेषेत गेलं नाही. एप्रिल-मे हंगामाचे, झोप पाच तासांची, त्या दोन महिन्यांत घेर हलला नाही. जूनमध्ये पर्यटक गेले, खाणावळ थंडावली, झोप सात तासांवर आली आणि आम्ही स्नायूंचं काम वाढवलं. आठवड्यातून दोन दिवस, अर्धा तास. खुर्चीवरून उठणं, नारळांची पिशवी दोन्ही हातांत घेऊन चालणं, भिंतीवर जोर, कुशीवर कोपर टेकून अंग उचलणं. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, ताजी मासळी कमी आणि महाग, मग अंडी आणि सोडे. श्रावणात घरात मासळी शिजत नाही, तेव्हा चवळी, मूग, दही. गणपतीत उकडीचे मोदक खाल्ले, मीच सांगितलं होतं खा म्हणून. घरचा गणपती आणि आई मोदकांकडे बघत बसलेली, हे मुलांनी आदल्या वर्षी पाहिलं होतं, पुन्हा नको.

नोव्हेंबरातली नोंद. वजन ५३.९. बीएमआयने बघायचं तर २३ च्या किंचित वर, म्हणजे ठरलेल्या लक्ष्याच्याही पुढे. सकाळचा घेर ७७, संध्याकाळचा साडेअठ्ठ्याहत्तर. खुर्चीवरून अर्ध्या मिनिटात सतरा वेळा. फट २.१ सेंटीमीटर, पूर्ण मिटलेली नाही. बाळंतपणाला इतकी वर्षं झाल्यावर ती मिटेलच असं मी कधीच म्हटलं नव्हतं. पण डोकं उचललं की उलटी होडी दिसत नाही, बोटांखाली पट्टा ताणलेला लागतो. एचबीएवनसी ५.६. कंबर दुखते ती फक्त मोठ्या पंगतीच्या दिवशी.

व्रणावरची घडी आहे तशीच आहे. साडीतून दिसत नाही, ब्लाउज-पेटीकोटमध्ये आरशात दिसते. "आता ह्या काय जाणा नाय, मा?" त्यांनी विचारलं. मी खोटं बोलले नाही. ताणलेली कातडी व्यायामाने आवळत नाही. त्यातली थोडी चरबी अजून उतरू शकेल, रजोनिवृत्ती जवळ आहे तेव्हा उलट थोडी वाढूही शकेल. शस्त्रक्रियेने कातडी काढून पट्टा शिवता येतो, पण ती मोठी शस्त्रक्रिया, खर्चाची, आणि काही आठवडे टोप उचलता येत नाहीत. नुसत्या लायपोसक्शनबद्दल, म्हणजे नळीने चरबी शोषून काढण्याबद्दल, त्यांनी मुंबईची जाहिरात दाखवली. त्याने आकार बदलतो. पण २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पोटावरची सुमारे दहा किलो चरबी अशी काढूनही साखर-इन्सुलिनचं काम सुधारलं नाही, कारण ती कातडीखालची चरबी होती. त्यांच्या साखरेला जे उपयोगी पडलं ते जेवण, झोप आणि नारळांच्या पिशव्या. जाहिरात त्यांनी परत मोबाइलमध्ये ठेवली. निर्णय त्यांचा, आणि घाई नाही.

जाताना काटा परत हवा का म्हणून विचारलं. तो अजून माझ्या कपाटावरच आहे. टेप मात्र त्यांनी मागून घेतला, स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलाय म्हणाल्या. पुढची मोजणी शिमग्यानंतर ठरली आहे, हंगामाच्या ऐन मध्यात, झोप पाच तासांवर आलेली असेल तेव्हा. त्यासाठी सुनेला सकाळची पाळी द्यायची का, यावर त्यांच्या घरात बोलणं चालू आहे.